वारे गेलेला हात : चष्मा, आरसा आणि पत्त्यांचा डाव

आमचे थोरले बंधू, ज्यांना सारे घर दादा म्हणते, ते लाकडी खुर्चीत ताठ बसले होते. डोळ्यांवर पेटीसारखा काळा चष्मा, डोक्यामागून रुंद पट्टा, उजव्या मनगटाला पट्टीने अडकवलेली एक मूठ. समोर पांढरी भिंत होती. पण दादांना ती दिसत नव्हती. त्यांना झाड दिसत होते. झाडाला लाल फळे, बुंध्याशी टोपली. फळ तोडायचे आणि टोपलीत टाकायचे. मांडीवरचा उजवा हात थरथरत उठला, वीतभर वर गेला आणि खाली पडला. पुन्हा उठला.

"दादा, काय दिसतंय?" मी विचारले.

"सफरचंदं हैत नुसती. डाळिंबं असती तर एव्हाना क्रेट भरला असता."

शेजारी उभ्या असलेल्या फिजिओथेरपिस्ट ताई हसल्या, पण त्यांचे लक्ष मोजण्याकडे होते. वीस मिनिटांत दादांनी तो हात एकशे दहा वेळा उचलला. घरी वहिनी "अजून एकदा, अजून एकदा" म्हणून थकत, तरी दहाच्या पुढे हे गृहस्थ जात नसत. 'सारखं हात वर, हात खाली. मी काय शाळेतलं पोर हाय का?' असे म्हणून भिंतीकडे तोंड करीत. चष्मा चढवला आणि तेच दादा घामाघूम होईपर्यंत फळे तोडू लागले.

शेतकरी बंधू-भगिनींनो, हा चष्मा काय आहे, त्याने हात खरोखर येतो का, आणि तो नसेल तर घरच्या माणसांनी काय करावे, हे आपल्यापुढे मांडण्यासाठी आजचा लेख आहे. मी वैद्य नव्हे. कृषी विस्ताराच्या कामात माझी तीस वर्षे गेली. पण या प्रकरणात माझा आपल्या धंद्यातला एक जुना प्रश्न कामाला आला.

सकाळ गेली, संध्याकाळ झाली

२०२३ सालच्या फेब्रुवारीत, शाळू काढणीच्या दिवसांत, सकाळी सात वाजता दादांच्या हातातून विळा गळाला. वाकून उचलायला गेले तर हात ऐकेना. तोंड एका बाजूला ओढले गेले, बोलणे बोबडे झाले. गड्यांनी आणून घोंगडीवर निजवले. 'अंगावरून वारं गेलं' हे सगळ्यांनी ओळखले. ओळखूनही पुढे जे केले ते चुकीचे केले. पहिल्यांदा शेजारच्या गावच्या चोळणाऱ्याकडे नेले. कोणी कबुतराचे रक्त लावायला सांगितले, तेही लावले. दवाखान्यात पोचायला संध्याकाळचे पाच वाजले. मला फोन आला तेव्हा मी दुसऱ्या तालुक्यात होतो. 'आधी चोळून बघू' असे घरचे म्हणाले, आणि 'बघा' म्हणणारा मीच होतो. ते मी अजून विसरलेलो नाही.

पक्षाघात म्हणजे मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटणे. बहुतेकांमध्ये रक्ताची गुठळी रक्तवाहिनीत अडकते. काहींमध्ये रक्तवाहिनी फुटते. गुठळी असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन आहे, पण ते पहिले लक्षण दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. गुठळी आहे की रक्तस्राव, हे सी.टी. स्कॅन केल्याशिवाय कळत नाही. म्हणून स्कॅनची सोय असलेले रुग्णालयच गाठावे लागते. तोंड वाकडे झाले, एक हात उचलला जात नाही, बोलणे अडखळते, यांपैकी एकही गोष्ट अचानक दिसली तर घड्याळ पाहावे, १०८ ला फोन करावा, आणि तोंडात पाणी, दूध, औषध काहीही घालू नये. गिळण्याची शक्ती गेलेली असेल तर ते श्वासनळीत उतरते.

दादांची ती वेळ टळली होती. जीव वाचला, पाय महिनाभरात काठीवर चालू लागला. उजवा हात मात्र झोळीसारखा लोंबत राहिला. सोसायटीच्या कागदावर झोकदार सही करणारा माणूस अंगठ्यावर आला. पहिल्यांदा शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला त्या दिवसापासून दादांनी सोसायटीत जाणेच सोडले.

फुटलेला पाट आणि नवी चारी

आपल्या शरीराची उजवी बाजू मेंदूचा डावा भाग चालवतो आणि डावी बाजू उजवा. दादांच्या उजव्या हातात कसलीच खोट नव्हती. हाड, स्नायू, नस सगळे जागेवर. हुकूम देणारी जागा मेली होती. मेंदूची मेलेली जागा पुन्हा जिवंत होत नाही. मात्र शेजारची जागा ते काम शिकू शकते. पाट फुटून वाहून गेला तर आपण बाजूने नवी चारी खणून पाणी फिरवतो, तसेच. फरक एवढाच की ही चारी कुदळीने खणता येत नाही. तीच हालचाल पुन्हा पुन्हा करणे हीच तिची कुदळ.

हे नुसते बोलणे नाही. १९९६ साली अमेरिकेत रँडॉल्फ नूडो व त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान माकडांवर प्रयोग केला. मेंदूतील हाताच्या जागेचा थोडा भाग निकामी झाल्यावर, माकडाला तसेच सोडले तर आजूबाजूची शाबूत जागाही हाताचे काम विसरत गेली. पण ज्या माकडांकडून छोट्या खळग्यांतून खाऊचे दाणे रोज उचलून घेतले, त्यांची उरलेली जागा टिकली. काहींच्या मेंदूत तर पूर्वी कोपर-खांद्याची असलेली जागा हाताने घेतली. शेजाऱ्याचा बांध कोरावा तशी.

आता मोजमाप पाहा. अशा प्रयोगांत जनावर दिवसाला शेकडो वेळा हात चालवते. माणसांचे काय? २००९ साली अमेरिका व कॅनडातील उपचार केंद्रांत बसून लोकांनी मोजले. ज्या बैठकीत हाताचा कामाचा सराव झाला, तिथे त्याची सरासरी भरली ३२ वेळा. शेकडो कुठे आणि बत्तीस कुठे! यात फिजिओथेरपिस्टचा दोष नाही. वेळ थोडा, रुग्ण अनेक, आणि दुखऱ्या हाताने तीच हालचाल करण्याचा माणसाला कंटाळा फार. हा कंटाळा मोडणे हे त्या काळ्या चष्म्याचे खरे काम आहे.

चष्म्याच्या आत

चष्म्यात दोन डोळ्यांसमोर दोन छोटे पडदे असतात. दोन्हींवर तेच दृश्य, पण किंचित वेगळ्या कोनातून. त्यामुळे खोली भासते. मान वळवली की आतले दृश्यही वळते, आणि आपण खरोखर तिथे आहोत असे वाटते. याला 'व्हर्च्युअल रिअॅलिटी', आपल्या भाषेत आभासी वास्तव म्हणतात. डोक्यावर चढवायचे असे पहिले यंत्र १९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी केले; ते इतके जड होते की छताला टांगावे लागे. आजचा चष्मा अर्धा-पाऊण किलोच्या आसपास भरतो. हातातली मूठ किंवा कॅमेरा हाताची हालचाल टिपतो. दुबळा हात चार बोटे उचलला तर आतला हात वीतभर उचललेला दाखवता येतो, म्हणजे रुग्णाला यश दिसते. सुधारणा होईल तसे फळ वरच्या फांदीवर न्यायचे. काही ठिकाणी चष्मा नसतो, टी.व्ही.समोर उभे राहून खेळायचे असते. आपल्या देशात आय.आय.टी. गांधीनगर येथील संशोधकांनी तोल सावरण्याच्या सरावासाठी खेळातल्या फळीवर उभे करून पडद्यावरची कामे करून घेणारी स्वस्त मांडणी तयार केली. तिचा अहवाल २०१७ साली आला.

चष्मा सगळ्यांना मानवत नाही. काहींना गरगरते, मळमळते. फिट येण्याचा इतिहास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. आणि ज्याचा तोल गेलेला आहे त्याने तो उभ्याने कधीच लावू नये. डोळ्यांपुढची खरी जमीन दिसत नाही, पडून खुबा मोडायचा.

तुलनेचा वाफा कुठे आहे?

दादांच्या हाताला थोडी हालचाल येऊ लागली तशी घरात चष्म्याची कीर्ती पसरली. पुतण्याने कुठून तरी एक विक्रेता गाठला. त्याने घरी येऊन चकचकीत कागद दाखवले, 'एका महिन्यात हात पूर्ववत' असे तोंडी सांगितले, आणि चष्मा, संगणक, खेळ असा सगळा संच देऊ केला. किंमत अशी की दोन दुभत्या म्हशी विकाव्या लागल्या असत्या. वहिनींनी गोठ्याकडे पाहिले आणि "विका" म्हणाल्या. मीही मान हलवली होती.

रात्री झोप येईना. मनात आले, की आजवर किती शेतकऱ्यांना आपण सांगितले, 'औषधाची जाहिरात बघू नका. तुलनेचा वाफा कुठे आहे ते विचारा.' नवे खत टाकले आणि पीक हिरवेगार झाले. पण त्याच आठवड्यात पाऊस पडला होता. पाऊस दोन्ही वाफ्यांवर पडतो. खत न टाकलेला वाफा शेजारी ठेवला नसेल तर पावसाचे श्रेय पिशवी घेऊन जाते. पक्षाघातानंतर पहिल्या तीन महिन्यांत निसर्गच बरीच सुधारणा करतो. तो हा पाऊस. तेव्हा चष्म्याशेजारी तुलनेचा वाफा कोणी ठेवला आहे का?

ठेवला आहे, आणि त्याचा निकाल गंमतीचा आहे. कॅनडा, अर्जेंटिना, पेरू व थायलंड या चार देशांतील रुग्णालयांनी मिळून १४१ रुग्ण घेतले. सर्वांना पक्षाघात होऊन तीन महिन्यांच्या आतली मुदत झालेली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. नेहमीचे उपचार दोन्ही गटांना. त्याशिवाय एका गटाने दोन आठवड्यांत एकेक तासाच्या दहा बैठका टी.व्ही.समोरच्या आभासी खेळांच्या केल्या. दुसऱ्या गटाने तेवढाच वेळ पत्ते, लाकडी ठोकळे, सोंगट्यांसारखे आकड्यांचे खेळ, चेंडू यांत घालवला. २०१६ साली निकाल छापून आला. दोन्ही गटांचे हात सुधारले. कोणता गट पुढे? कोणताच नाही. पत्त्यांनी यंत्राशी बरोबरी केली.

मग यंत्र टाकाऊ म्हणावे काय? तसेही नाही. जगभरचे असे प्रयोग एकत्र तपासणारी 'कोक्रेन' नावाची संस्था आहे. तिने २०१७ साली ७२ प्रयोग आणि २,४७० रुग्णांचा हिशेब मांडला. नेहमीच्या व्यायामाऐवजी चष्मा दिला तर हाताला जास्तीचा फायदा दिसला नाही. नेहमीच्या व्यायामाशिवाय वरचा सराव म्हणून दिला तेव्हा फायदा दिसला. २०२५ साली हा हिशेब पुन्हा झाला, तेव्हा प्रयोग १९० झाले होते आणि रुग्ण सात हजारांवर. या खेपेस चष्म्याच्या बाजूने थोडे माप झुकले, पण थोडेच. आणि जास्तीचा सराव म्हणून वापरला तर अधिक. माझ्या समजुतीप्रमाणे सांगायचे तर चष्मा हे वरखत आहे. शेणखत न टाकता नुसत्या वरखतावर शेत उभे राहत नाही.

म्हशी विकल्या नाहीत. आठवड्यातून दोनदा केंद्रात जाऊन चष्मा लावायचा, आणि बाकीचे घरी करायचे, असे ताईंनी ठरवून दिले.

पंधरा-वीस रुपयांत नव्हे, पण आरशात

आभासी वास्तवाचा सर्वांत स्वस्त प्रकार म्हणजे आरसा. तामिळनाडूत १९५१ साली जन्मलेले डॉ. व्ही. एस. रामचंद्रन हे कॅलिफोर्नियात संशोधन करतात. हात तुटलेल्या माणसांना नसलेल्या हाताच्या वेदना होतात, त्यासाठी त्यांनी १९९० नंतरच्या काही वर्षांत एक साधी आरशाची पेटी केली आणि तिला 'व्हर्च्युअल रिअॅलिटी पेटी' असेच म्हटले. १९९९ साली ही युक्ती पक्षाघाताच्या नऊ रुग्णांवर करून पाहण्यात आली. पुढे २०१८ पर्यंत ६२ प्रयोग व १,९८२ रुग्ण झाले, आणि नेहमीच्या उपचारांना आरशाची जोड दिल्यास हाताच्या हालचालीत फायदा होतो, असे कोक्रेनने नोंदवले.

रीत अशी. बाजारात मिळणारा दीड फूट लांबी-रुंदीचा आरसा, कडा चौकटीत बसवलेला. रुग्णाला मेजासमोर बसवावे आणि छातीच्या मधोमध आरसा उभा ठेवावा, चकचकीत बाजू चांगल्या हाताकडे. दुबळा हात आरशाच्या मागे, नजरेआड. चांगल्या हातातले घड्याळ, अंगठी, बांगड्या उतरवाव्यात, नाहीतर फसगत होत नाही. मग आरशात पाहत चांगला हात सावकाश उघडावा, मिटावा, मनगट फिरवावे. त्याच वेळी मागच्या हाताने तसेच करण्याचा प्रयत्न करावा. डोळ्यांना वाटते की दुबळा हातच हलतो आहे. रोज वीस ते तीस मिनिटे. पहिल्या दिवशी दादा दचकले आणि आरशामागे वाकून पाहू लागले. हात तसाच पडलेला होता. "लई लबाड हाय हे," म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी स्वतःच आरसा मागितला.

दुसरी एक रीत हट्टी माणसांसाठी आहे. डावा हात सगळी कामे करू लागला की उजवा हात काम विसरतो; हालू शकत असूनही माणूस त्याला वापरत नाही. एडवर्ड टॉब यांनी हे हेरले आणि चांगल्या हाताला जाड हातमोजा घालून त्यालाच अडवायचे ठरवले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील २२२ रुग्णांच्या प्रयोगात दोन आठवडे, जागेपणीचा बहुतेक वेळ, हा मोजा घालून दुबळ्या हाताकडून कसून कामे करून घेतली. फायदा वर्षानंतरही टिकला होता. पण हे ज्यांचे मनगट आणि बोटे थोडी तरी वर उचलतात त्यांच्यासाठीच आहे. ज्याच्या चांगल्या हातात काठी आहे त्याचा तो हात चालताना अडवणे धोक्याचे. म्हणून फिजिओथेरपिस्टने सांगितल्याशिवाय ही रीत करू नये. आमच्याकडे ताईंनी फक्त बसल्या जागी, दिवसाला दोन तास मोजा घालू दिला. मोजा म्हणजे वहिनींचे चुलीवरचे भांडे उतरवायचे जाड फडके, गुंडाळून बांधलेले.

घरातली कामे, मोजून

भुईमुगाच्या पन्नास शेंगा एका ताटात. उजव्या हाताने एकेक उचलून दुसऱ्या ताटात. सुरुवातीला शेंग धरवत नव्हती, तेव्हा लिंबू. लिंबूही धरवत नव्हते तेव्हा पाटावर फडके ठेवून त्यावर हात ठेवायचा आणि पुढे-मागे पुसायचे. शेंग जमली की हरभरा. डब्याचे झाकण उघडायचे, लावायचे. दाव्याची गाठ मारायची, सोडायची. नातवाने भिंतीवर कोळशाने रेघा ओढून हिशेब ठेवला. दादांना सरावाची गोडी नव्हती, पण हिशेबात कमी पडणे त्यांना कधीच खपले नाही.

एक गोष्ट विशेष सांभाळावी. दुबळ्या हाताला धरून माणसाला ओढू किंवा उठवू नये. खांद्याचे स्नायू ढिले झालेले असतात, सांधा निसटतो, आणि मग दुखण्यामुळे सरावच बंद पडतो. उठवताना कमरेला किंवा पाठीला आधार द्यावा. बसलेले असताना हाताखाली उशी ठेवावी.

घरच्यांनी करायचे म्हणजे फिजिओथेरपिस्ट नको, असे मात्र कोणी समजू नये. आपल्याच देशात १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर मोठा प्रयोग झाला. निम्म्या रुग्णांच्या घरच्यांना घरी सराव करून घेण्याचे शिक्षण दिले. २०१७ साली निकाल आला : सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत्यू व परावलंबन यांचे प्रमाण सारखेच. मला याचे नवल वाटले नाही. शेतावर एक प्रात्यक्षिक दाखवून आलो आणि पुढे फिरकलोच नाही, तर बियाण्याची पद्धत बदलत नाही, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. जाणत्या माणसाने दर पंधरवड्याला हात पाहावा, सराव बदलून द्यावा. घरच्यांनी तो रोज करून घ्यावा. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपीची सोय असते का, ते घरी सोडतानाच विचारून घ्यावे. दुसरा झटका टाळायचा तर रक्तदाबाची गोळी बरे वाटते म्हणून बंद करू नये, तंबाखू आणि मिश्री सोडावी. दादांचा रक्तदाब किती वर्षे वाढलेला होता कोण जाणे. शेवटचा कधी मोजला ते कोणालाच आठवले नाही.

दादांचा हात पूर्ववत झालेला नाही. धार काढता येत नाही, अंगठ्यात जोर नाही. चहाची कपबशी तोंडापर्यंत जाते, सदऱ्याचे वरचे बटण लागत नाही. मागच्या दिवाळीनंतर ते सोसायटीत गेले आणि पॅड बाजूला सारून वाकडीतिकडी का होईना सही केली. सचिवांनी जुन्या सहीशी ताडून पाहिली, जुळेना. मग दोन साक्षीदार बोलवावे लागले. दादा त्या दिवशी भलतेच खूष होते.

केंद्रातला चष्मा आता बंद आहे, गरज उरली नाही. रात्री जेवणानंतर मात्र ओसरीवर डाव बसतो. पत्ते पिसायचे दादांनीच, आणि उजव्या हातानेच, असा वहिनींचा नियम आहे. वाटताना दोन-चार पत्ते खाली पडतात. ते उचलायचेही त्यांनीच, मग बाकीचे तोवर कितीही ताटकळोत.